यंत्राला जागा सापडत नाही

४ डिसेंबर

चि. मार्लिस हिस नेस्टरमामाचा आशीर्वाद.

आम्ही उभयता बरे आहोत. तू व जावई डेल बरे असाल असे धरून चालतो. टेलिफोनवर मला निम्मे ऐकू येते आणि उरलेले निम्मे मी चुकीचे ऐकतो, म्हणून कामाची गोष्ट लिहूनच कळवत आहे.

तू ऑक्टोबरमध्ये दिलेले बर्फ उडवणारे यंत्र नीट चालत नाही. दोष यंत्रात आहे की आणखी कशात, हे ठरवण्याइतके माझे शिक्षण नाही. चौथीनंतर मला शाळेऐवजी लाकूडतोडीच्या छावणीत पाठवले, हे तुला ठाऊक आहे. तरी जे डोळ्यांनी पाहिले ते जसेच्या तसे लिहितो. उजाडण्याच्या सुमारास ते शेडमधून आपणहून बाहेर येते. गाडीवाटेवर जेमतेम एका गाडीच्या लांबीइतके पुढे जाते, बर्फ उजवीकडे उडवते, आणि चालत्या गाईला एकाएकी गोठा आठवावा तसे थांबते. मग डोक्यावरचा लाल दिवा गरगर फिरू लागतो आणि ते पिपाणीसारखे वाजत राहते. बटण दाबून पुन्हा सुरू केले तर चार पावले जाऊन पुन्हा तेच. शेवटी मी आणि इम्पीमामी त्याला ढकलत शेडमध्ये नेतो.

आपल्यात ठरलेली गोष्ट मी विसरलेलो नाही. एप्रिलपर्यंत गाडीवाट मोकळी राहिली तर आम्ही या घरात राहायचे. न राहिली तर वसंतात कॅल्युमेटमधल्या वृद्धांच्या इमारतीत खोली घ्यायची. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मी बर्फ ढकलायच्या स्कूपला हात लावायचा नाही, हेही त्यातच आले. यावर मी तुझा हात हातात घेतला आहे. परंतु यंत्रच उभे राहिले तर माझ्या शब्दाने बर्फ हलत नाही.

सध्या बर्फ थोडा आहे आणि गाडी कशीबशी निघते. तथापि सरोवर अजून गोठलेले नाही, आणि ते गोठेपर्यंत आमच्या डोक्यावर किती बर्फ आणून टाकणार आहे, हे घरांच्या याच ओळीत वाढलेल्या तुला सांगायला नको. या ओळीत माझ्या गाडीवाटेच्या कडा दोरी धरून कापल्यासारख्या असत. आता त्याच वाटेच्या मध्यावर लाल दिवा फिरत असतो आणि लोक चर्चला जाताना मान वळवून पाहतात.

तुझ्या फोनवर काय दिसते ते कळवावे. मामी तुला निसूच्या गोड पावाची वेणी पाठवणार होती, पण टपालात पाव शिळा होतो म्हणून मी नको म्हटले.

तुझा मामा,
नेस्टर हायकिनेन


९ डिसेंबर
मिलवॉकी

प्रिय मामा,

पत्र मिळालं. डेलला वाचून दाखवलं, तर गाईला गोठा आठवला तिथे तो इतका हसला की कॉफी शर्टावर. वेणी मात्र शिळी झाली तरी चालली असती हो! वेलदोड्याचा वास तरी आला असता घरात.

आता रोबोचं. माझ्या फोनवर रोज एकच वाक्य येतं: ‘जागा सापडत नाही.’ म्हणजे तो बिघडलेला नाही, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाहीये. आम्ही गॅरेजच्या आढ्यावर ती पांढरी अँटेना बसवली ना, छत्रीच्या मुठीसारखी? ती वर आकाशातल्या उपग्रहांकडे बघते आणि खाली रोबोला सांगत राहते की तू इथे आहेस, आता वळ, आता थांब. तिच्याशी बोलणं तुटलं की तो आहे तिथे उभा राहतो. चांगलंच आहे ते. नाहीतर शेजारच्या बर्निसबाईंची लायलॅकची झुडपं खाऊन टाकेल आणि त्या तुम्हाला खातील.

तर एक एक करून बघा. गॅरेजच्या भिंतीवर अँटेनाची पेटी आहे, तिच्यावरचा दिवा हिरवा आहे की नारिंगी? अँटेनाच्या डोक्यावर बर्फाची टोपी बसली आहे का? तिची वायर पेटीत शिरते तो जोड सैल आहे का? बोटांनीच घट्ट करा, पाना लावू नका. स्प्रूसच्या फांद्या बर्फाने वाकून मध्ये आल्यात का? आणि मामा, सगळं एकदम हलवू नका. एक गोष्ट करा, रोबो चालवून बघा, मग दुसरी. नाहीतर कशाने बरं झालं तेच कळत नाही. आईच्या शिलाई मशीनचं आपण असंच वाटोळं केलं होतं, आठवतंय?

शिडीवर चढायचं नाही हं. गॉर्डीला सांगा. तो रस्त्यावरचा बर्फ काढायला तसाही रोज तुमच्या दारावरून जातो.

तुमची,
मार्लिस


१६ डिसेंबर

चि. मार्लिस हिस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे त्याच क्रमाने देतो. पेटीवरचा दिवा नारिंगी आहे. अँटेनावर बर्फ साचलेला नाही. तिच्यावर बर्फाचा कणही पडलेला नाही हे मी खात्रीने सांगू शकतो. जोड बोटांनी घट्ट केला. त्यासाठी शिडी चढावी लागली नाही. स्प्रूसच्या फांद्यांचा यात काही संबंध नाही.

यंत्र मात्र थांबतेच. रविवारी ते गाडीवाटेच्या तोंडाशी थांबले, आणि आम्ही त्याला आत ढकलत असताना चर्चकडे जाणाऱ्या तीन गाड्या हळू झाल्या. एकीची काचही खाली आली. मी मदत नको म्हणून हात केला.

गॉर्डीला सांगण्याची गरज नाही. गॉर्डी लाहटी हा माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडाला दार नाही. तुम्ही अँटेना बसवून गेलात त्याच्या पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला सगळे बसले होते. गॉर्डी लांबूनच ओरडला, “काय नेस्टर, गॅरेजवर पत्र्याचा कोंबडा बसवलात म्हणे! वाऱ्याची दिशा बघायला, की देवाला फोन लावायला?” त्यावर बर्निस ट्रेझोना म्हणाली, “ते यंत्र सॉनाच्या वाफेत पाठपण घासून देतं का हो? देत असेल तर मलाही एक मागवा. वॉल्ट गेल्यापासून माझा हात पोचत नाही.” सगळे हसले. पाद्रीबाईही हसल्या. मी कॉफी संपवली, कप जागेवर ठेवला आणि घरी आलो.

बर्निसचा नवरा गेल्यापासून तिची गाडीवाट मी मोकळी करत आलो आहे. ती उठायच्या आत जायचे, आणि कोणी बोलायचे नाही, ही आपल्या ओळीची रीत आहे. जिच्याकडे काम करणारे हात नाहीत तिने बोलून आभार मानायचे नाहीत. पायरीवर पाव ठेवायचा, इतकेच. तिचे केशर घातलेले पाव मी पुष्कळ खाल्ले आहेत. या वर्षी तिची वाट ती स्वतःच वॉल्टच्या स्कूपने काढते. मला ते खिडकीतून दिसते.

यंत्रावर आणखी काय उपाय आहे ते कळवावे.

तुझा मामा,
नेस्टर


२२ डिसेंबर

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामींना नाताळच्या शुभेच्छा! या वर्षी यायला जमत नाहीये, डेलची पाळी आहे कारखान्यात.

कंपनीतल्या माणसाशी मी तास-तास बोलले. तो म्हणतो, दिवा नारिंगी म्हणजे अँटेनाला आकाश दिसत नाही. मी म्हटलं, अहो, गॅरेजच्या आढ्यावरून आकाश नाही दिसणार तर कुठून दिसणार, विहिरीतून? तो म्हणाला, बाई, मग कुणीतरी ती हलवली असेल. मी म्हटलं, माझ्या मामांनी हातात घेतलेली वस्तू जागेवरून हलत नसते, तुमची अँटेनाच खराब आहे. जरा जास्तच बोलले मी त्याला. पण परिणाम झाला, ते दुसरी अँटेना पाठवताहेत. खोकं आलं की गॉर्डीकडून बसवून घ्या. त्याच्या तोंडाला दार नसेल, पण शिडी आहे.

एक कळलं नाही. शिडी न चढता तुम्ही जोड घट्ट कसा केलात? मामींना फोन केला तर त्या म्हणाल्या, “ते तुझ्या मामांनाच विचार, मी त्या विषयात नाही.” आणि फोन ठेवला. भांडलात का?

मार्लिस


६ जानेवारी

चि. मार्लिस हिस आशीर्वाद व नववर्षाच्या शुभेच्छा.

नव्या अँटेनाचे खोके पोचले. ते उघडलेले नाही, कारण निकड उरलेली नाही. नाताळपासून बर्फ रोज पडत आहे आणि आमची गाडीवाट रोज सकाळी मोकळी असते. मामीला नेहमीच्या तपासणीसाठी दवाखान्यात नेण्यात एकदाही खंड पडला नाही. तेव्हा आपल्या कराराप्रमाणे सर्व व्यवस्थित चालले आहे असे समजावे, व कंपनीच्या माणसास अधिक त्रास देऊ नये.

थंडी फार आहे. अधिक काही नाही.

नेस्टर


११ जानेवारी

मामा,

पत्र वाचून आधी मी खूश झाले. मग फोन उघडला.

रोबो कधी शेडबाहेर पडला, किती फिरला, सगळं मला इथे दिसतं. नाताळपासून तो शेडमधून हललेलाच नाही. एकदाही नाही! आणि तिकडे रोज बर्फ पडतोय, आणि गाडीवाट रोज मोकळी. मग ती कोणी काढली? भुतांनी?

मला माहीत आहे कोणी काढली. मामा, तुम्ही माझा हात हातात घेऊन शब्द दिला होतात. डॉक्टर तुमच्यासमोर म्हणाले होते की ढकलताना खाली बसलात तर पुन्हा उठणार नाही. मला ते घर तुमच्याकडून काढून घ्यायचं नाहीये हो! तिथे मी वाढले, त्या सॉनात मला आईने पहिली आंघोळ घातली. पण एक दिवस मामींनी दार उघडलं आणि तुम्ही बर्फात पडलेले दिसलात, तर मी काय करू? गॉर्डीच्या हातून तो निरोप ऐकू?

तुम्ही खोटं लिहाल असं मला कधी वाटलं नव्हतं. खोलीसाठी मी इमारतीत चौकशी करते आहे.

मार्लिस


१८ जानेवारी

चि. मार्लिस हिस,

तुझे पत्र दोन वेळा वाचले. मी स्कूपला हात लावलेला नाही. तो शब्द मी पाळला आहे, आणि एवढ्या एका गोष्टीपुरते तू माझ्यावर विश्वास ठेवावास अशी विनंती आहे. बाकीच्या गोष्टींवर ठेवू नयेस.

माझे मागचे पत्र तुझ्यापाशी असेल तर पाहा. यंत्राने वाट मोकळी केली असे मी त्यात कोठेही लिहिलेले नाही. मी खोटे लिहिले नाही. खरे अशा रीतीने मांडले की तू खोटे समजावेस. खोटे लिहिणाऱ्याला निदान आपण काय करतो ते ठाऊक असते. मी स्वतःला सांगत होतो की मी शुद्ध लिहीत आहे.

वाट बर्निस काढत होती.

नाताळच्या आदल्या सकाळी खरखर ऐकू आली म्हणून मी पडदा बाजूला केला. तिने आपली वाट उरकली होती आणि वॉल्टचे स्कूप घेऊन ती आमच्या वाटेवर आली होती. मी बाहेर जाऊन तिला थांबवायला हवे होते, किंवा पडदा सोडून द्यायला हवा होता. मी दोन्ही केले नाही. रोज सकाळी पडद्यामागे उभा राहून ती संपवेपर्यंत पाहत राहिलो. ज्या बाईची वाट मी काढत असे, ती सत्तरी उलटलेली बाई माझी वाट काढत होती. आणि मी तुला लिहीत होतो की वाट मोकळी असते.

मामीने पहिल्याच दिवशी निसूची वेणी भाजली, कापडात गुंडाळली आणि दारापाशी ठेवली. मी ती उचलून कपाटात ठेवली. पाव पायरीवर ठेवला म्हणजे कबूल केले की आता या घराकडे हात नाहीत. मामी म्हणाली, “आयुष्यभर लोकांचे पाव खाल्लेत, एक द्यायची वेळ आली तर हात आखडतो होय?” मी म्हणालो, “यंत्र दुरुस्त होईल.” ती म्हणाली, “यंत्र दुरुस्त आहे. बिघाड दुसरीकडे आहे.” त्यानंतर ती माझ्याशी जेवणापुरतेच बोलते.

ती बरोबर होती. कंपनीचा माणूसही बरोबर होता. कॉफीच्या त्या रविवारनंतर सोमवारी मी शिडी लावली, आढ्यावर चढलो, अँटेना काढली आणि तिच्या पेटीसह सॉनाच्या कपडे बदलायच्या खोलीत ठेवली. तेथे विजेची सोय आहे आणि रस्त्यावरून काही दिसत नाही. मला वाटले, बोलायचेच तर ती तेथूनही बोलेल. तिला आकाश लागते हे तू लिहिलेस तेव्हा कळले. पण तोपर्यंत मी दोन महिने गप्प राहिलो होतो, आणि गप्प राहिलेल्या माणसाला तोंड उघडणे दर आठवड्याला अधिक जड जाते. ओळीने कोंबडा पाहू नये म्हणून मी तो लपवला, आणि ओळीला रोज वाटेत अडकलेला लाल दिवा पाहायला मिळाला.

आता जे घडले ते लिहितो. परवा गॉर्डीच्या गाडीने रस्ता साफ करताना आमच्या वाटेच्या तोंडाशी नेहमीसारखा बर्फाचा कडक बांध टाकला. बर्निस त्यावर स्कूप घालून रेटत होती. खाली बर्फ काचेसारखा होता. तिचा पाय गेला आणि ती हातावर पडली. मी घरातल्या वहाणांनीच बाहेर धावलो. ती बसून होती, मनगट छातीशी धरून. मला पाहून म्हणाली, “आलात का पडदा सोडून? बरं झालं. मला वाटलं, आज तपासणीला सुट्टी आहे.”

मार्लिस, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते की मी पडद्यामागे उभा आहे.

मी तेथेच उभा होतो. ती म्हणाली, “आता असे उभे राहू नका, गॉर्डीला हाक मारा. आणि कडा सरळ आल्यात का तेवढं सांगा, इतके दिवस मनात आहे.”

कडा सरळ होत्या. ते मी तिला सांगितले. तिचे मनगट मोडले आहे व प्लास्टर घातले आहे. केवळ एक पांढरी मूठ माझ्या घरावर दिसू नये म्हणून एका बाईचे हाड मोडले.

करार मी मोडला आहे. तू खोली पाहिलीस तर माझी हरकत नाही. एकच विचारायचे आहे. आता तिची वाट काढायला कोणी नाही. यंत्राला दुसऱ्याची वाट शिकवता येते काय?

नेस्टर


२४ जानेवारी

प्रिय मामा,

मी तुम्हाला खोटारडे म्हटलं ते परत घेते. आणि घेत नाही. दोन्ही.

माझंही ऐका. महिनाभर मी त्या कंपनीच्या माणसाला फाडून खात होते. ‘माझ्या मामांनी वस्तू हलवली असेल?’ असं अशा आवाजात म्हटलं होतं की तो बिचारा सॉरी म्हणाला! काल त्याला फोन केला आणि सांगितलं की अँटेना सॉनात आहे. त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, “बाई, सॉना चालू असताना?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर तो रोबो मी दिला कशासाठी? तिकडे काही अडलं की पाच तास गाडी चालवून यायला नको, म्हणून. यंत्र पाठवलं की भाचीचं काम संपलं. बर्निसबाईंना तिकडे यायला फक्त झुडपं ओलांडावी लागली, तेवढंच.

आता नीट वाचा. दर शनिवारी तुम्ही त्या अँटेनाला वाफ दिली आहे. तिच्या जोडात पाणी शिरलंय, बाहेर नेलीत की ते गोठेल आणि ती मुकी होईल. तिला हात लावू नका. पेटीही तीच वाफ प्यायली आहे. नव्या खोक्यात अँटेना, वायर, पेटी सगळं कोरं आहे, तेच लावा. अँटेना आढ्यावर, जुन्या जागी. तुम्ही चढणार नाही! पेटी गॅरेजच्या भिंतीवर. मग काहीही न करता थांबा. दिवा आधी नारिंगी राहील, घाबरू नका, तिला आकाश ओळखायला वेळ लागतो. हिरवा झाल्याशिवाय रोबोला बाहेर काढू नका.

आणि हो, शिकवता येते. फोनवरून त्याला हाताने चालवत बर्निसबाईंच्या वाटेच्या कडेकडेने एकदा फिरवायचं, तुमच्या शेडपासून तिकडे जायची वाटही दाखवायची, की तो लक्षात ठेवतो. गॉर्डीच्या फोनवर मी सगळी सोय करून देते.

खोलीचं मी ठरवणार नाही. मामींना विचारा. त्या म्हणतील तसं.

मार्लिस


३ फेब्रुवारी

चि. मार्लिस हिस नेस्टरमामाचा आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी गॉर्डीच्या दारात गेलो. एवढ्या वर्षांत मी त्याच्याकडे काही मागायला गेलेलो नव्हतो, त्यामुळे त्याने आधी विचारले, “इम्पी बरी आहे ना?” मी म्हणालो, “बरी आहे. कोंबडा परत बसवायचा आहे.”

“आधी सांगा, उडून गेला होता कुठे?”

“सॉनात.”

तो हसला नाही. शिडी गाडीवर चढवली, आमच्याकडे आला, अर्ध्या शिडीवर गेला, आणि तेथे त्याला हसू आवरेना. मी खाली शिडी धरून उभा होतो, ती माझ्या हातात हलत होती. “नेस्टर, घाम आला का हो त्याला?” असे तो वरून विचारत होता. संध्याकाळपर्यंत सबंध ओळीला ठाऊक झाले. दुकानात मला लोकांनी वाट करून दिली आणि कोणी काहीच बोलले नाही, हे बोलण्यापेक्षा कठीण गेले.

पेटीवरचा दिवा पुष्कळ वेळ नारिंगी होता. तू थांबायला सांगितले होतेस, म्हणून आम्ही गॅरेजमध्ये उलट्या बादल्यांवर बसून थांबलो. मग तो हिरवा झाला. गॉर्डीने टोपी काढली.

त्यानंतर यंत्राला बर्निसची वाट शिकवली. गॉर्डी फोन धरून पुढे आणि मी यंत्राच्या मागे. बर्निसने खिडकी उघडली आणि प्लास्टरचा हात बाहेर काढून ओरडत राहिली, “माझी लायलॅक! गॉर्डी, तुझे डोळे फोनात आहेत की झुडपात?” तेथे गॉर्डीचा हात हलला, त्यामुळे डाव्या कडेला एक बाक आला आहे आणि यंत्र तो रोज इमानाने पाळते. मला तो दिसतो. मी काही म्हणत नाही.

गुरुवारी मोठा बर्फ पडला. सकाळी यंत्राने आधी तिची वाट काढली आणि मग आमची. लाल दिवा लागला नाही. मी खिडकीपाशी होतो. पडदा काढून धुवायला टाकला आहे.

घराविषयी मामीला विचारले. ती पीठ मळत होती. म्हणाली, “मी कुठे जात नाही. पण ही वेणी तुम्ही नेऊन द्यायची. पहाटे गुपचूप पायरीवर नाही, रविवारी चर्च सुटल्यावर, दार वाजवून.” मी म्हणालो, “दार वाजवायची रीत नाही.” ती म्हणाली, “पडद्याआड उभं राहायचीही नव्हती.”

म्हणून काल गेलो. माझ्या आईचे निळ्या काठाचे ताट, त्यावर वेणी, वर पांढरे कापड. ज्या वाटेने गेलो ती यंत्राने कापलेली होती आणि दोन्ही बाजूंना बर्फ माझ्या छातीइतका होता, त्यामुळे वळून जायला दुसरी जागा नव्हती. चर्चमधून येणाऱ्या गाड्या हळू झाल्या. मान वर करून गेलो असे लिहिले तर ते खरे होणार नाही. ताटाकडे पाहत गेलो.

बर्निसने दार उघडले. ताट पाहिले, मला पाहिले. मी घरून वाक्य जुळवून आणले होते, त्यातला एक शब्दही त्या दारात आठवेना. शेवटी म्हणालो, “उशीर झाला.”

ती म्हणाली, “झाला.” मग म्हणाली, “का हो, तुमचं यंत्र पाव पोचवत नाही?”

“नाही,” मी म्हणालो. “ते काम माझे आहे.”

तिने एका हाताने ताट घेतले. जड आहे, मी आत ठेवून देतो, असे म्हणालो, तर म्हणाली, “नको. तुमची वाट काढणारा हात आहे, ताट पेलेल त्याला.” आणि दार लावून घेतले. आतून हसण्याचा आवाज आला असे वाटले. माझ्या कानांचा भरवसा नाही.

आता कराराविषयी. मी तो मोडला आहे आणि माझे मत त्यात धरू नये. परंतु एक अडचण कळवणे माझे कर्तव्य आहे. दुसऱ्याचे ताट या ओळीत रिकामे परत देत नाहीत. बर्निस त्यावर केशरी पाव ठेवल्याखेरीज ते देणार नाही, आणि प्लास्टर निघून मनगटात जोर येईपर्यंत तिला पीठ मळता येणार नाही. त्याला वसंत उजाडेल. ते आले की मामी त्यावर वेणी ठेवून परत पाठवील, हे उघड आहे. ताट शेजारी असताना घर सोडून गेलेले कोणी मला आठवत नाही. सबब खोलीवाल्यांना, तुला योग्य वाटल्यास, तसे कळवावे.

तुझ्यासाठी वेगळी वेणी टपालात टाकली आहे. शिळी निघाल्यास कॉफीत बुडवावी.

तुझा मामा,
नेस्टर हायकिनेन